पडक्या खोपीतल्या गारगोट्या

१४ मार्च, रविवार

ही डायरी दूध संघाची. दर नाताळात माझ्या नवऱ्याच्या, डर्मटच्या नावानं येते. जानेवारीची पानं त्यानंच भरलीत: कुठली गाय कधी विणार, कुंपण कुठं पडलंय. फेब्रुवारीत तो गेला आणि पुढची सगळी पानं कोरी. चांगला कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून लिहायला बसलेय. लिहायचं काय, ते ठाऊक नाही.

आज मासहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेहून, आल्यावर त्याचा जाड कोट काढला. म्हटलं, कुणाला तरी उपयोगी पडेल. उजवा खिसा पुन्हा फाटलेला. लग्न झाल्यापासून मी हा खिसा शिवतेय. ह्या कोटाचा, ह्याच्या आधीच्या कोटाचा, त्याच्याही आधीच्या. आत कायम ओली वाळू, नाहीतर एखादी गारगोटी. दर रविवारी मासनंतर हा माणूस एकटाच समुद्रावर जायचा. वारा माणूस उचलून नेईल असा असला तरी जायचा. एकदाही म्हणाला नाही, हॅना, तूही चल. आणि इतक्या वर्षांत एक शिंपला म्हणून कधी आणून दिला नाही मला.

कोट परत खुंटीला टांगला. खिसा शिवला नाही. आता कुणासाठी शिवायचा?

२३ मार्च

दोन दिवस वादळ. कुत्रा चुलीपुढून हलला नाही, मीही नाही. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतून वारा असा येतो की मेणबत्ती तग धरत नाही. ह्या किनाऱ्यावर शहाणा माणूस पश्चिमेला खिडकी काढत नाही. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी डर्मटनं चांगली जाडजूड भिंत फोडून ती काढली. सासूबाई बोलल्या, मी बोलले, सगळा गाव हसला. म्हणाला, उजेड येईल. उजेड कसला, गारठा आला. खिडकीतून दिसतं काय, तर शेतातल्या संन्याशांच्या जुन्या दगडी खोपी, आणि बरोब्बर समोर त्यातली पडलेली.

आज उघडीप मिळताच कड्यावरच्या किलीनकडे, त्या जुन्या दफनाच्या जागेकडे, जाऊन आले. प्रत्येक वादळानंतर जाते. समुद्रानं आणखी एक तुकडा खाल्लाय. कडेच्या दोन दगडी फरश्या गेल्या.

इथं लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे. आमची मुलगी जन्मली तेव्हा तिच्यात जीव नव्हता. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या आवारात जागा नाही, असा तेव्हाचा नियम. असली मुलं किलीनमध्ये पुरायची. बापानं एकट्यानं जायचं, उन्हं कलल्यावर, खोकं काखेत घेऊन. आईनं विचारायचं नाही. बापानं सांगायचं नाही. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. खोक्याला खिळे मारल्याचा आवाज ऐकला, दार लागलेलं ऐकलं. मग सासूबाईंनी चहा आणून दिला, त्यात साखर जास्त होती.

मी एकदा विचारलं होतं. डर्मट म्हणाला, “बरी जागा आहे,” आणि धार काढायला गेला. त्यानंतर आम्हाला मूलबाळ झालं नाही. एक्केचाळीस वर्षं मी त्या कड्यावर उभी राहून कुठला दगड तिचा ते ओळखायचा प्रयत्न करतेय. आता सांगू शकणारा माणूसही गेला. मला माझ्या मुलीची जागा हवी आहे, समुद्रानं नेण्याआधी. बाकी मला ह्या जगात काही नको.

२ एप्रिल

नोरीन आली होती. ही डिंगलहून पर्यटकांची छोटी बस चालवते. तोंडाची चक्की दिवसभर चालू, पण माणूस म्हणून सरळ.

म्हणाली, “हॅना, तुझ्या शेतात हजार वर्षांच्या दगडी खोपी आहेत आणि तू त्यात बटाटे ठेवतेस.”

“एकाच खोपीत ठेवते,” मी म्हटलं. “आणि बटाटे चांगले राहतात.”

“लोक समुद्र ओलांडून असलं बघायला येतात. माझी बस तुझ्या फाटकाशी थांबवू दे. तू चार शब्द बोल, चहा पाज. तुलाही माणसं दिसतील.”

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं. आम्ही ह्या खोपींकडे कधी मान वर करून बघितलं नाही. मी म्हटलं, मला काय माहिती आहे त्यांची? ती म्हणाली, त्यांना तरी कुठं आहे?

माणसं दिसतील, हे तिचं वाक्य डोक्यातून जाईना. कालपासून मी कुत्र्याखेरीज कुणाशी बोलले नव्हते. हो म्हणून टाकलं.

६ एप्रिल

बातमी फिनबारपर्यंत पोचली. फिनबार म्हणजे माझा धाकटा दीर, रस्त्याच्या वरच्या अंगाला एकटा राहतो. खुब्याचं हाड झिजलंय, दोन काठ्यांवर आला. उद्या कॉर्कला शस्त्रक्रियेला जातोय, नंतर तिथंच लेकीकडं राहणार.

बसलाही नाही. “शेतात परकी माणसं आणणार म्हणे तू.”

“माझं शेत आहे.”

“आण. पण पडक्या खोपीत कुणाला जाऊ देऊ नकोस. दगड सैल आहेत.”

“ते दगड वाइकिंग लुटारूंना बधले नाहीत, अमेरिकन बायकांना काय बधणार?”

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं, जबडा हलत होता. मग म्हणाला, “डर्मट असता तर त्यानं होऊ दिलं नसतं.” आणि गेला. भाऊ गेला की दिराला वाटतं आपण घरचे मालक झालो. शुभेच्छासुद्धा दिल्या नाहीत मी त्याला. नंतर वाईट वाटलं.

११ एप्रिल, ईस्टर

एका माणसासाठी कोकराचा तुकडा भाजणं म्हणजे चेष्टा आहे. अर्धा कुत्र्याला घातला.

दुपारभर डर्मटच आठवत राहिला. दवाखान्यातला शेवटचा दिवस. बोलणं तुटक झालं होतं, पण हे स्पष्ट म्हणाला: “आता रविवारचं कोण बघणार?”

मी म्हटलं, “कोण म्हणजे? मी आहे की.” मी काय कधी मास चुकवलाय? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या छातीवरचं ओझं उचललं. मग डोळे मिटले. जन्मभर चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूस, मरताना इतका धार्मिक झाला याचं मला नवल वाटलं.

१ मे

पहिली बस. बारा माणसं आणि वारा. एका बाईची टोपी उडून थेट मेंढ्यांत गेली.

उलट्या होडीसारखं प्रार्थनाघर दाखवलं, दोन्ही उभ्या खोपी दाखवल्या. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड, तरी पावसाचा थेंब आत येत नाही, असं सांगितलं. नोरीन मागून खुणा करत होती, आणखी बोल, आणखी बोल. मग सगळे आपणहून पडक्या खोपीत शिरले. मला फिनबारची आठवण झाली आणि म्हणूनच मी अडवलं नाही.

आत मागच्या भिंतीशी पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांचा एक ढीग आहे. मी लग्न होऊन आले त्यानंतर कधीतरी बघितला होता, पुन्हा लक्ष दिलं नव्हतं. गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं त्यावर. एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं, हे काय?

मला काय ठाऊक? पण बारा तोंडं माझ्याकडं वळलेली. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे शेवटची कधी बघत होती, आठवत नाही. म्हटलं, “संन्यासी एकेक प्रार्थना झाली की एकेक गारगोटी ठेवायचे.” एकीनं डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

२८ मे

माझी गोष्ट वाढत चाललीय, बसही आता दिवसातून दोनदा येते. आता संन्याशाला नाव आहे, त्याला खोकलाही आहे. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, एक गारगोटी नेऊ का? मी म्हटलं, ने, प्रार्थना आहे ती, वाया जाणार नाही. तेव्हापासून प्रत्येक जण एक नेतो. कुणी ओहायोचा, कुणी जपानचा, एक जोडपं ब्राझीलचं. मी स्वतः निवडून हातावर ठेवते. माणसं माझा हात धरून ठेवतात. डर्मट गेल्यावर कुणी माझा हात धरलेला नाही, फादरनी मयतीला धरला तेवढाच.

नोरीन म्हणाली, “हॅना, तू रंगभूमीवर जायला हवी होतीस. केवढं खोटं बोलतेस, आणि चेहरा मात्र मेरीमातेचा.”

बस गेली की शेत पहिल्यापेक्षा जास्त रिकामं वाटतं. हे मात्र तिला सांगितलं नाही.

१९ जुलै

ढीग गुडघ्याएवढा होता, आता वीतभर राहिलाय. नोरीन म्हणाली, समुद्रावरून दोन बादल्या भरून आण, कुणाला कळतंय. मी म्हटलं, गोष्ट खोटी असली म्हणून दगडही खोटे द्यायचे का? माझंही काही तत्त्व आहे.

ढिगाच्या खाली एक सपाट दगड लागलाय, समुद्रावरचा, हाताएवढा. मी त्यावर चहाचा थर्मास ठेवते. सोयीचा आहे.

२२ ऑगस्ट, रविवार

आज बसमध्ये उटे नावाची एक जर्मन बाई होती, माझ्याच वयाची. माझी गोष्ट ऐकून डोळे पुसणारे पुष्कळ असतात, पण ही हसलीही नाही, रडलीही नाही. ढिगापाशी बसली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, “हे संन्याशानं नाही केलं. संन्याशाची प्रार्थना संपते.”

मी म्हटलं, “मग कुणी केलं?”

“जो येत राहिला त्यानं. बघा, खालच्या गारगोट्या काळवंडल्यात, वरच्या त्यामानानं उजळ आहेत.”

मी तिला गारगोटी दिली. तिनं घेतली, पण नाइलाजानं. शहाणपणा शिकवणारी माणसं मला आवडत नाहीत. माझ्या शेतातलं मला ही सांगणार.

१२ सप्टेंबर, रविवार

इतक्या वर्षांनी चर्चला सुचलं. आज फादरनी कड्यावरच्या किलीनवर पवित्र पाणी शिंपडलं आणि तिथल्या मुलांसाठी मास म्हटला. अख्खा परगणा लोटला होता. म्हाताऱ्या बायका, ज्यांनी जन्मात अवाक्षर काढलं नाही, त्या एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. गावातली ब्रीडी म्हणाली, “माझे तिथं दोघं आहेत, हॅना. नवऱ्यानं शेवटी दगड दाखवला.” तिच्या दगडावर तिनं फुलं ठेवली.

माझी फुलं कुठं ठेवायची मला माहीत नव्हतं. सगळे निघून गेल्यावर कड्यावरून खाली टाकली. वाऱ्यानं ती परत माझ्या तोंडावर आणली. डर्मटचा इतका राग मला तो जिवंत असताना कधी आला नव्हता. ब्रीडीचा नवरा दारुडा होता, आणि त्यानंसुद्धा सांगितलं.

३० सप्टेंबर

जर्मनीहून छोटं पाकीट. आत कापसात गुंडाळलेली गारगोटी आणि चिठ्ठीवर एकच ओळ: ही कुणाची तरी आहे, कृपया परत ठेवा. खाली सही, उटे.

मला हसू आलं. पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. चिंध्या कोंबूनही तिथून वारा येतोच, निदान पडदा दाबून धरेल. ह्या हंगामातली शेवटची बस परवा गेली. ढीग जवळजवळ संपला.

१७ ऑक्टोबर, रविवार

फिनबार कॉर्कहून आला. आता एकाच काठीवर चालतो. मी सोडा ब्रेड भाजला होता, बोलावलं. ईस्टरच्या आधीचं बोलणं माझ्या मनाला लागून होतं.

चहाचा कप घेऊन तो खिडकीशी गेला आणि तिथंच थांबला. “ही गारगोटी इथं कशी?”

मी हसत हसत सगळं सांगितलं. खोकणारा संन्यासी, ओहायो, जपान, प्रत्येकाला एक. तो वळलाच नाही. कप हातात तसाच.

“किती उरल्यात?” त्यानं विचारलं.

“मूठभर असतील. का रे?”

“हॅना, खाली बस.”

“मी बरी आहे उभी.”

“बस गं बाई.” तो स्वतःच बसला. “ती कड्यावर नाही. कधीच नव्हती. डर्मट खोकं घेऊन निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. कड्यापर्यंत गेलो आम्ही. खाली लाटा बघून तो म्हणाला, इथं नाही ठेवणार, एक दिवस हे सगळं समुद्र नेईल. परत फिरलो. पडक्या खोपीत, मागच्या भिंतीशी, आडोशाला. वर समुद्रावरचा सपाट दगड ठेवला. आमच्याकडं पूर्वी असल्या जागेवर पांढरी गारगोटी ठेवायचे. कड्यावरच्या सगळ्या गारगोट्या वाऱ्यापावसानं कधीच गेल्या. त्यानं दर रविवारी एक ठेवली.”

मी टिपरेरीची, समुद्रापासून लांबची. आमच्याकडं नुसत्या फरश्या असायच्या. मला कुठून कळावं?

“तू मला सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं.

“आईनं दोघांना शपथ घातली होती. बाईला जागा कळली की ती तिथंच जाऊन बसते आणि घर उजाड होतं, म्हणायची. आई गेली तोवर गप्प राहायची सवय जडली होती. इतकी वर्षं मिटलेलं तोंड कुठल्या सकाळी उघडायचं, हॅना? तो रोज म्हणायचा, उद्या. एप्रिलमध्ये मीही तुझ्यापुढं उभा राहून उद्या म्हटलं.” मग त्यानं खिडकीकडं बोट केलं. “ही त्यानं कशासाठी काढली, तुला काय वाटलं? तू भांडी घासताना तुझं तोंड तिच्याकडं असावं म्हणून.”

मी त्याला घराबाहेर काढलं. ब्रेड त्याच्या हातात कोंबला आणि दार लावलं.

२४ ऑक्टोबर

आठवडाभर खिडकीचा पडदा उघडला नाही. भांडी बाहेरच्या नळावर घासली.

माझी मुलगी एक्केचाळीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी तिच्या अंगावरचं पांघरूण एकेक करून लोकांना वाटून टाकलं. हसून, हातात हात देऊन. तिच्यावर थर्मास ठेवला. तिचा बाप तिच्यासाठी जे आणत होता, ते आज कुणाच्या तरी टेबलावर कागद दाबायला पडलंय, ओहायोत, जपानात. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले मी.

डर्मटवर रागवायचं की रडायचं, कळत नाही. दोन्ही करतेय.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

आज पडदा उघडला. मग शेतात गेले. वारा होता, पण मागच्या भिंतीशी खरंच लागत नाही. मेणबत्ती लावली तर ज्योत सरळ उभी राहिली. त्यानं जागा चांगली निवडली होती. बरी जागा आहे, असं तो म्हणाला होता ते खरं होतं.

सपाट दगड कोमट पाण्यानं पुसला. चहाचा गोल डाग होता, तो जाईपर्यंत घासला. तिच्याशी काय बोलायचं सुचेना, म्हणून उटेची गारगोटी वर ठेवली आणि म्हटलं, ही बघ, एक तरी परत आली. मग फार रडले. कुत्रा येऊन पायाशी बसला.

येताना फिनबारच्या दारावर थाप मारली. तो बाहेर आला. त्याला म्हटलं, रविवारी जेवायला ये, बेकन आणि कोबी आहे.

९ नोव्हेंबर

नोरीनला सांगितलं. ती खुर्चीत बसली. शेवटी म्हणाली, “मी सगळ्यांना कळवते. दगड परत मागवू.”

मी नको म्हटलं. ज्यांनी नेले त्यांना मी प्रार्थना आहे म्हणून दिले होते, आणि ते खोटं नव्हतं. राहू देत त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी बस येऊ दे, प्रार्थनाघर दाखवीन, दोन खोपी दाखवीन. तिसरीत घरचं माणूस आहे, असं सांगीन.

१४ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळी डर्मटचा कोट खुंटीवरून काढला. खिसा शिवला, दुहेरी दोऱ्यानं.

आज मासनंतर तोच कोट घालून समुद्रावर गेले. बाह्या बोटांच्याही खाली येतात. वारा समोरून, चालताना दम लागला. तो रस्ता त्यानं ह्या वयातही दर आठवड्याला चालला, ह्याचं नवल वाटत होतं. किनाऱ्यावर गारगोट्या पुष्कळ आहेत, पण बहुतेक पिवळट. पांढरीशुभ्र, निर्मळ, एकही रेघ नसलेली शोधायला फार वेळ लागतो. म्हणून तो इतक्या उशिरा यायचा, आणि मी जेवण निवलं म्हणून त्याला बोलायची.

एक मिळाली. ओली होती, बर्फासारखी गार. खिशात हात घालून धरून ठेवली, घरी येईपर्यंत माझ्या हातानं कोमट झाली. फिनबार फाटकाशी उभा होता. आत आला नाही, नुसती टोपी काढली.

उटेच्या गारगोटीशेजारी ठेवली.

डर्मट, मी तुला दवाखान्यात शब्द दिला तेव्हा मला कळलं नव्हतं कशाचा देतेय. पण दिला होता. रविवारचं मी बघते.